ॲन्सेल ॲडम्स: चंद्राचा उजेड तोंडपाठ असलेला फोटोग्राफर

फोनचा कॅमेरा उघडून स्क्रीनवर कुठेही बोट टेकवलं की एक छोटा चौकोन येतो आणि त्याच्या शेजारी सूर्याचं चिन्ह असलेली एक पट्टी. पट्टी खाली ओढली की फोटो गडद होतो, वर ओढली की उजळतो. बरेच जण या पट्टीला कधी हातही लावत नाहीत, कारण किती उजेड आत घ्यायचा हे फोन स्वतःच ठरवतो. मग होतं काय, तर समोर काळेकुट्ट ढग आणि त्यांना सोनेरी किनार असते आणि फोटोत मात्र सगळं फिकट, राखाडी येतं. आपण म्हणतो, या फोनचा कॅमेरा काही खरा नाही.

या पट्टीमागचा विचार ज्याने सगळ्यात नीट मांडला, त्या माणसाची आज ओळख करून घेऊ. ॲन्सेल ॲडम्स. अमेरिकन फोटोग्राफर, जन्म १९०२, मृत्यू १९८४. डोंगर, झाडं, पानं, बर्फ, ढग, आणि जवळजवळ सगळं कृष्णधवल. त्यांचे फोटो तुम्ही नाव न कळता कुठेतरी पाहिलेही असतील, पोस्टरवर किंवा वॉलपेपरमध्ये. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, फोटोग्राफर नाही. पण इंजिनिअरिंगला असताना डायनॅमिक रेंज हा शब्द मी परीक्षेपुरता पाठ केला होता, तो खऱ्या अर्थाने कळला तो या माणसामुळे. म्हणून हा लेख.

शाळेत न रमलेला मुलगा

ॲन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ चा, सॅन फ्रान्सिस्कोमधला. एप्रिल १९०६ मध्ये तिथे मोठा भूकंप झाला तेव्हा तो चार वर्षांचा होता. मुख्य धक्क्यातून तो सुखरूप वाचला, पण नंतरच्या एका छोट्या धक्क्याने बागेच्या भिंतीवर आपटला आणि नाक मोडलं. ते शेवटपर्यंत वाकडंच राहिलं. पुढच्या दोनेक वर्षांत घरचा लाकडाचा धंदाही बुडाला.

शाळेत तो टिकत नव्हता. सतत चुळबुळ, लक्ष नाही, एकामागून एक शाळा बदलल्या. शेवटी वडिलांनी त्याला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलं. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्याचा वर्षभराचा पास काढून दिला आणि सांगितलं की यंदा हीच तुझी शाळा. आजही असं करणारे वडील विरळाच, तर तेव्हाची काय कथा. बाराव्या वर्षी मुलाने पियानो हातात घेतला आणि त्याच्यात एकदम शिस्त आली. रोज तासनतास सराव. आपण पियानोवादक होणार हे त्याने पक्कं केलं होतं.

१९१६ मध्ये कुटुंब योसेमिटीला फिरायला गेलं. कॅलिफोर्नियातली ही दरी म्हणजे दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे, त्यांवरून कोसळणारे धबधबे आणि खाली पाइनचं रान. आईवडिलांनी त्याला कोडॅकचा साधा बॉक्स ब्राउनी कॅमेरा दिला. तो घेऊन तो एका कुजलेल्या बुंध्यावर चढला, बुंधा ढासळला, आणि पडता पडता बटण दाबलं गेलं. फोटो उलटा आला, पण आला. पुढे आयुष्यभर त्याचं योसेमिटीला जाणं एकदाही चुकलं नाही. तिथे सिएरा क्लब या निसर्गप्रेमी संस्थेच्या वास्तूची उन्हाळ्यात देखभाल करायचं काम मिळालं. दरीत सरावाला पियानो कुठे मिळणार? तो मिळाला हॅरी बेस्ट नावाच्या चित्रकाराच्या स्टुडिओत. पियानोबरोबर त्यांची मुलगी व्हर्जिनियाही भेटली, आणि १९२८ मध्ये त्याच स्टुडिओत दोघांचं लग्न झालं.

शेवटची प्लेट आणि लाल काच

१० एप्रिल १९२७. ॲडम्स पंचवीस वर्षांचे. व्हर्जिनिया आणि काही मित्रांबरोबर ते बर्फातून हाफ डोम या प्रचंड कड्यासमोरच्या एका उंच जागी चढले. पाठीवर साधारण १८ किलोचं ओझं: लाकडी कॅमेरा, लेन्स, स्टँड आणि काचेच्या बारा प्लेट. तेव्हा मोठ्या कॅमेऱ्यात एका फोटोला एक काच लागायची. बारा काचा म्हणजे दिवसाचे फक्त बारा फोटो. आपण एका चहाचे बारा काढतो.

वाटेतच बहुतेक प्लेट संपल्या, काही वाया गेल्या. कड्यासमोर पोचले तेव्हा कडा सावलीत होता. दुपारी ऊन त्याच्यावर सरकेपर्यंत थांबले. तेव्हा हातात दोनच प्लेट उरल्या होत्या. पहिल्या प्लेटला त्यांनी नेहमीप्रमाणे लेन्ससमोर पिवळी काच लावली. आकाश थोडं गडद करायला तेव्हा सगळे हेच करत. फोटो घेतला आणि लगेच जाणवलं की हा फोटो बरोबर येईल, पण समोर उभं राहून छातीत जे धस्स झालं ते त्यात येणार नाही. कडा अंगावर येणारा हवा होता आणि आकाश जवळजवळ काळं.

मग शेवटच्या प्लेटला त्यांनी गडद लाल काच लावली. आता यातली गंमत बघा. निळ्या आकाशातून येतो तो बहुतांश निळा प्रकाश. लाल काच निळा प्रकाश अडवते. त्यामुळे प्लेटवर आकाशाच्या जागी फार कमी उजेड पडतो आणि प्रिंटमध्ये आकाश काळं येतं. बर्फावर आणि दगडावर थेट ऊन असतं, त्यात लाल प्रकाश भरपूर, म्हणून ते उजळच राहतात. आणि सावल्या? सावलीत उजेड येतो तो आकाशाचाच, म्हणजे निळा, म्हणून त्याही गडद होतात. एका काचेने अख्ख्या दृश्याचा स्वभाव बदलतो. किंमत एवढीच की उजेड सोळापट जास्त द्यावा लागतो. एक तृतीयांश सेकंदाचं काम पाच सेकंदांवर गेलं. तेवढा वेळ कॅमेरा हलता कामा नये.

हा फोटो 'मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम' या नावाने ओळखला जातो. बटण दाबण्याआधीच छापलेला फोटो मनात बघायचा आणि मग तिथे पोचायला काय काय लागेल ते मागे मोजत यायचं, या पद्धतीला त्यांनी पुढे व्हिज्युअलायझेशन म्हटलं. आपल्या भाषेत, आउटपुट काय हवं ते आधी ठरवा, कोड नंतर. आजचे फिल्टर नेमके याच्या उलट चालतात. फोटो आधी काढतो, मग वीस फिल्टर फिरवून बघतो की कुठला बरा दिसतोय.

सगळं स्पष्ट दिसू दे

त्याच वर्षी त्यांच्या फोटोंचा पहिला संच विक्रीला आला, पण प्रकाशकाने त्याला फोटो म्हणायचं टाळलं आणि 'पार्मेलियन प्रिंट्स' असं एक निरर्थक नाव बनवलं. फोटो म्हटलं तर कला म्हणून कोणी घेणार नाही ही भीती. तेव्हाचे कलात्मक फोटो म्हणजे मुद्दाम धूसर केलेले, ब्रशने घासलेले, चित्रासारखे दिसणारे. ॲडम्सनीही सुरुवातीला तसे काढले होते. १९३० मध्ये पॉल स्ट्रँड या फोटोग्राफरच्या नुसत्या निगेटिव्ह त्यांनी पाहिल्या आणि पियानो हा छंद राहिला, फोटोग्राफी हे काम झालं.

१९३२ मध्ये एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम, विलार्ड व्हॅन डाइक यांच्याबरोबर त्यांनी एक गट काढला, नाव 'ग्रुप एफ/६४'. एफ/६४ म्हणजे लेन्सचं भोक अगदी बारीक करणं, ज्याने जवळच्या दगडापासून दूरच्या शिखरापर्यंत सगळं स्पष्ट दिसतं. म्हणजे त्यांनी चक्क कॅमेऱ्याच्या सेटिंगचं नाव गटाला दिलं. फोटोने चित्राची नक्कल करू नये, कॅमेऱ्याला जे जमतं ते मनापासून करावं, एवढंच त्यांचं म्हणणं. आज फोनचा सेन्सर छोटा असल्यामुळे सगळं स्पष्ट आपोआपच येतं आणि आपण पोर्ट्रेट मोड लावून मागचं सॉफ्टवेअरने धूसर करतो. काळाचा महिमा!

या गटाला डोंगराइतकीच पानाफुलांची ओढ होती. कनिंगहॅम यांची मॅग्नोलियाची फुलं आणि वेस्टनची ढोबळी मिरची जगप्रसिद्ध आहेत. ॲडम्सचाही त्याच सुमाराचा एक फोटो मला त्यांच्या कित्येक डोंगरांपेक्षा जास्त आवडतो. आईच्या बागेतलं एक फिकट गुलाबाचं फूल, खाली समुद्रकिनाऱ्यावर सापडलेला पाण्याने झिजलेला प्लायवूडचा तुकडा, आणि उत्तरेकडच्या खिडकीतून येणारा मऊ उजेड. बस. प्लायवूडच्या रेषा पाकळ्यांच्या कडांसारख्याच वळतात. या फोटोला कुठलाही कडा चढावा लागला नाही.

डोंगरांच्या फोटोंचा मात्र एक वेगळाच उपयोग झाला. योसेमिटीच्या दक्षिणेला किंग्ज कॅनियन नावाचा डोंगराळ प्रदेश आहे, तो राष्ट्रीय उद्यान व्हावा म्हणून सिएरा क्लबचा पाठपुरावा चालू होता. १९३६ मध्ये ॲडम्स फोटोंची थप्पी घेऊन वॉशिंग्टनला गेले आणि खासदारांना भेटले. लगेच काही झालं नाही. १९३८ मध्ये त्यांचं सिएरा नेवाडावरचं मोठं पुस्तक आलं, त्याची एक प्रत मंत्री हॅरोल्ड इक्स यांच्याकडे गेली, त्यांनी ती राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना दाखवली आणि रूझवेल्टनी ती ठेवूनच घेतली. मार्च १९४० मध्ये किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यान झालं. एकट्या पुस्तकाने झालं असं मी म्हणणार नाही, पण जे लोक तिथे कधी पाय ठेवणार नव्हते त्यांच्या टेबलावर तो डोंगर या पुस्तकाने नेऊन ठेवला.

काळी म्हैस, पांढरी गाय आणि झोन सिस्टीम

आता मुख्य तांत्रिक भाग. १९४० च्या सुमारास ॲडम्स लॉस एंजेलिसमधल्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवत होते. तिथे फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी झोन सिस्टीम तयार केली.

आधी अडचण समजून घेऊ. उजेड मोजणारं मीटर, मग ते १९४० चं असो वा तुमच्या फोनमधलं, मुळात एकच गोष्ट धरून चालतं: समोर जे आहे ते मध्यम राखाडी आहे. काळ्या म्हशीचा फ्रेमभर फोटो काढा, कॅमेरा तिला उजळवून राखाडी करतो. पांढऱ्या गाईचा काढा, तिला काळवंडून राखाडी करतो. हल्लीचे फोन दृश्य ओळखून थोडी दुरुस्ती करतात, पण मूळ सवय तीच.

ॲडम्सनी पूर्ण काळ्यापासून कागदाच्या पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे झोन केले. पाचवा झोन म्हणजे तो मध्यम राखाडी. प्रत्येक पुढच्या झोनला उजेड दुप्पट. तिसऱ्या झोनमध्ये सावली असते पण तिच्यातलं पोत दिसतं, सातव्या-आठव्यात उन्हातला बर्फ, ज्याचे कण अजून कळतात. मीटर म्हणतं, या जागेला मी पाचव्या झोनमध्ये टाकतो. तुम्ही म्हणायचं, नाही बाबा, ही म्हैस आहे, हिला तिसऱ्यात टाक. म्हणजे उजेड दोनदा निम्मा कर. बास, सूर्याच्या चिन्हाची ती पट्टी हेच करते. खाली ओढता तेव्हा तुम्ही मीटरचं म्हणणं खोडून त्या जागेला खालच्या झोनमध्ये पाठवत असता. उन्हाने चमकणाऱ्या ढगावर बोट दाबून धरा, लॉक करा आणि पट्टी हळूहळू सरकवा. ढगाच्या आतल्या घड्या दिसायला लागतात तो क्षण लक्षात येईल.

सिस्टीमचा दुसरा अर्धा भाग डार्करूममधला. फिल्म रसायनात जास्त वेळ ठेवली की उजळ भाग भराभर वाढतात, सावल्यांना फारसा फरक पडत नाही. म्हणून एक्स्पोजर सावलीकडे बघून द्यायचं आणि डेव्हलपिंगचा वेळ उजळ भागाकडे बघून ठरवायचा. दृश्यात उजेड-अंधाराचा फरक फार असेल तर कमी वेळ, दृश्य निर्जीव असेल तर जास्त. फोनचं एचडीआर एका झटक्यात अनेक फ्रेम घेऊन आणि जोडून जे साधतं, ते हा माणूस एका फिल्मवर घड्याळ लावून करत होता. फरक एवढाच की एचडीआर सगळ्यांचं दृश्य एकाच चवीचं करून देतं. सावली उचल, आकाश दाब, रंग वाढव. ती चव कोणा इंजिनिअरने ठरवलेली असते. माझ्याच जमातीतल्या, म्हणून बोलायचा हक्क आहे!

मीटर सापडेना

१ नोव्हेंबर १९४१ ची संध्याकाळ. ॲडम्स सरकारी कामावर न्यू मेक्सिकोत फिरत होते. बरोबर आठ वर्षांचा मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट. दिवस वाया गेला होता, ते सांता फेकडे परतत होते. रस्त्याच्या डावीकडे हर्नांडेझ नावाचं छोटं गाव, मातीची घरं, चर्च, आणि कब्रस्तानातले पांढरे क्रूस. पलीकडे बर्फाची शिखरं, त्यांवर ढगांचा पट्टा आणि त्याहून वर नुकता आलेला चंद्र. सूर्य मागे बुडायला आलेला, त्याचं शेवटचं ऊन क्रूसांवर.

त्यांनी गाडी जवळजवळ खड्ड्यातच घातली आणि बाकीच्या दोघांना सामान काढायला ओरडत सुटले. ८ बाय १० इंचांचा कॅमेरा उभा केला, फोकस केला. आणि उजेडाचं मीटर काही केल्या सापडेना.

इथे तोंडपाठ असलेलं गणित कामी आलं. चंद्राचा उजेड त्यांना ठाऊक होता: २५० कँडल प्रति चौरस फूट. चंद्र उजळ हवा, म्हणून त्याला सातव्या झोनमध्ये ठेवायचं. म्हणजे पाचवा झोन त्याच्या पाव, साधारण ६०. फिल्मची संवेदनशीलता ६४. ६४ चं वर्गमूळ ८, म्हणून एफ/८ ला शटर एक भागिले ६० सेकंद. लेन्सवर पिवळा फिल्टर होता, त्याला तिप्पट उजेड लागतो, म्हणून एक भागिले २०. पण सगळं स्पष्ट हवं म्हणून भोक एफ/३२ पर्यंत बारीक करायचं, म्हणजे उजेड सोळापट कमी. एक विसांश गुणिले सोळा, साधारण ०.८. धरा एक सेकंद.

एक सेकंद शटर उघडलं. दुसरा फोटो घ्यायला फिल्मचा होल्डर उलटा केला तेवढ्यात क्रूसांवरचं ऊन गेलं. एकच निगेटिव्ह. 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' हा कदाचित विसाव्या शतकातला सगळ्यात प्रसिद्ध लँडस्केप फोटो असेल.

एक गंमत. ॲडम्सना तारखा लिहून ठेवायची सवय नव्हती. हा फोटो त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या सालात दाखवलाय. पुढे खगोल अभ्यासकांनी चंद्राची जागा आणि डोंगरांची रेषा कॉम्प्युटरवर जुळवून तारीख शोधली. पहिलं उत्तर ३१ ऑक्टोबर आलं, मग १९९१ मध्ये ते दुरुस्त होऊन १ नोव्हेंबर, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटं. आता आपल्या प्रत्येक फोटोला तारीख, वेळ आणि जीपीएस आपोआप चिकटतं.

एडिट केलेला फोटो खोटा असतो का?

'मूनराइज'ची निगेटिव्ह अवघड होती. खालचा भाग इतका फिका की १९४८ मध्ये त्यांनी रसायनात बुडवून तेवढाच गडद करून घेतला. बुडवताना चूक झाली असती तर सगळं संपलं असतं. शिवाय दर प्रिंटला हाताने काम. एन्लार्जरच्या उजेडाखाली हात किंवा पुठ्ठा धरून एखाद्या भागाला कमी उजेड द्यायचा तर एखाद्याला जास्त. फोटोशॉपमधली डॉज आणि बर्न ही नावं तिथूनच आली आहेत. या फोटोच्या त्यांनी हजाराहून जास्त प्रिंट काढल्या आणि त्या सारख्या नाहीत. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिके ढग दिसतात, नंतरच्यांत आकाश जवळजवळ काळं आणि चंद्र एकटा.

मग खरी कुठली? पियानोवाल्या माणसाकडे याचं उत्तर तयार होतं. निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराने लिहिलेली नोटेशन, प्रिंट म्हणजे मैफल. एकच बंदिश विशीत गायलेली आणि साठीत गायलेली वेगळीच असणार. रॉ फाइल आणि जेपीजी यांतला फरक मला यापेक्षा सोप्या शब्दांत कोणी सांगितलेला नाही.

पण हा प्रश्न इतक्या सहज सुटत नाही. अमेरिका युद्धात उतरल्यावर १९४२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या लाखाहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना, ज्यातले बहुतेक जन्माने अमेरिकन नागरिक होते, घरदार सोडायला लावून छावण्यांत नेलं गेलं. ॲडम्सच्या आईवडिलांकडे कित्येक वर्षं काम करणाऱ्या वयस्क गृहस्थांनाही नेलं. ॲडम्स संतापले. १९४३ मध्ये सिएराच्या पूर्व पायथ्याशी असलेल्या मॅन्झनार छावणीच्या संचालकांनी त्यांना बोलावलं आणि ते गेले. एरवी डोंगरांच्या फोटोंसाठी ओळखला जाणारा हा माणूस तिथे चेहऱ्यांचे फोटो काढत बसला: शेतकरी, परिचारिका, शाळेतली मुलं, कोबीचा मळा, आणि मागे सगळीकडे तोच सिएरा. युद्ध चालू असतानाच, १९४४ मध्ये, 'बॉर्न फ्री अँड ईक्वल' हे पुस्तक आलं. शत्रू म्हणून कोंडलेल्या माणसांना नागरिक म्हणणारं पुस्तक तेव्हा काढायला धाडस लागत होतं.

काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे आणि पहारेकरी यांचे फोटो काढायला मात्र मनाई होती. त्यामुळे फोटोतली माणसं हसरी, नीटनेटकी, आणि कुंपण गायब. पुढे टीका झाली की डोरोथिया लँग यांच्या त्याच काळातल्या फोटोंत जो अन्याय दिसतो तो इथे दिसत नाही.

याच दिवसांत मॅन्झनारजवळच्या लोन पाइन गावातून त्यांनी 'विंटर सनराइज' घेतला. लागोपाठ काही गोठवणाऱ्या पहाटे ते तिथे जाऊन थांबले. वर उजळलेली बर्फाची शिखरं, मध्ये काळोखी टेकडी, खाली उन्हाच्या एका पट्ट्यात झाडं आणि चरणारा घोडा. त्या काळोख्या टेकडीवर गावातल्या शाळेच्या मुलांनी पांढऱ्या दगडांनी एल आणि पी ही अक्षरं मोठी काढून ठेवली होती. ॲडम्सनी ती फोटोतून काढून टाकली. आज आपण ज्याला ऑब्जेक्ट इरेझर म्हणतो तेच, हाताने. त्यांनी हे लपवलं नाही, उघड लिहिलं. काहींना ते तरीही पटलं नाही.

मला नुसती ती अक्षरं पुसणं खटकत नाही. डोंगर तोच, ऊन तेच. पण तिथून काही मैलांवर हजारो माणसं कुंपणात होती आणि ते कुंपणही फोटोत नाही, हे दोन्ही शेजारी ठेवलं की अवघडल्यासारखं होतं. एक वस्तू सौंदर्यासाठी गेली, दुसरी हुकुमाने. बघणाऱ्याला दोन्हीतला फरक फोटोवरून कळत नाही. इरेझरचं बटण आता प्रत्येक फोनमध्ये यायला लागलंय, म्हणून हा प्रश्न जुना वाटत नाही. ॲडम्सनी १९६५ मध्ये मॅन्झनारचे सगळे फोटो कुठलाही हक्क न ठेवता लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकले. लायब्ररीच्या साइटवर ते मोफत मिळतात. मोठ्या आकारात उघडून एकदा बघा आणि स्वतःच ठरवा.

सावलीतली झाडं

त्यांचा १९५८ चा 'ॲस्पेन्स' हा फोटो बघणाऱ्याला वाटतं की समोर प्रखर ऊन आहे. काळ्या रानापुढे झाडांचे सडपातळ चंदेरी बुंधे आणि पानं दिव्यासारखी पेटलेली. प्रत्यक्षात त्या झाडांवर ऊन नव्हतंच. शरद ऋतूत पिवळी पडलेली ती पानं सावलीत होती आणि आकाशाचा आणि दूरच्या ढगांवरून परावर्तित होणारा मंद उजेड तेवढा त्यांच्यावर येत होता. आपण तिथून गेलो असतो तर फोन खिशातून काढला नसता. पिवळ्या पानांना उजळ करणारा पिवळा फिल्टर, आणि फरक वाढवायला जास्त डेव्हलपिंग. झोन सिस्टीमचा याहून चांगला वापर मी पाहिलेला नाही, कारण इथे नाट्यमय असं काहीच नव्हतं, ना कडा ना चंद्र. होती ती फक्त मंद उजेडातली पानं आणि ती कशी दिसू शकतील हे आधीच दिसलेला माणूस.

नव्या तंत्राचं त्यांना वावडं नव्हतं. १९४९ पासून ते पोलरॉइडचे सल्लागार होते, झटपट फोटोच्या फिल्मच्या चाचण्या घेऊन कंपनीला लांबलचक अहवाल पाठवत. आजच्या भाषेत बीटा टेस्टर. रंगीत फोटो त्यांनी काढले, पण त्यात हवा तसा ताबा मिळत नाही म्हणून मन रमलं नाही. आयुष्याच्या शेवटी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, पुढची झेप इलेक्ट्रॉनिक फोटोंची असेल असं त्यांनी उत्सुकतेने लिहून ठेवलं. ते दिवस बघायला ते राहिले नाहीत. २२ एप्रिल १९८४ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. पुढच्या वर्षी योसेमिटीतल्या एका शिखराला त्यांचं नाव दिलं.

व्हर्जिनियाच्या वडिलांचा तो स्टुडिओ आता ॲन्सेल ॲडम्स गॅलरी म्हणून चालतो. तिथे योसेमिटीच्या काही निवडक फोटोंच्या प्रिंट आजही मूळ निगेटिव्हवरूनच, डार्करूममध्ये हाताने बनवल्या जातात. हे काम ॲडम्सनी १९७५ मध्ये आपले सहायक ॲलन रॉस यांच्यावर सोपवलं होतं. कुठल्या कोपऱ्याला किती सेकंद जास्त उजेड द्यायचा, हे दर निगेटिव्हचं वेगळं असतं.